नागूबाईची वेगळी चूल

गावात रेडिओ आला उशिरा, पंचायतीचा भोंगा त्याच्याही नंतर. त्याआधी नागूबाई होती. आणि खरं सांगायचं तर रेडिओ आल्यावरही लोक नागूबाईच्याच बातम्या खऱ्या मानत. रेडिओवरच्या बाईला दिल्लीत काय चाललंय ते ठाऊक. पण पाटलाच्या थोरल्या सुनेची जोडवी धाकटीच्या पेटीत कशी सापडली, हे तिला कुठून कळावं?

भूम तालुक्यातलं हे माळावरचं गाव. बाजारला जायला एसटी, ती आली तर आली. बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारनं बोअर पाडून चौकात हातपंप बसवला, तो जणू नागूबाईला कचेरी मिळावी म्हणूनच. सकाळी बायका घागरी घेऊन यायच्या, रांग लागायची, आणि कट्ट्यावर पाय पसरून बसलेली म्हातारी गावावरून नजर फिरवायची. तिची खरी विद्या धुराची. कुणाच्या घरातून किती धूर निघतोय, कधी निघतोय, यावरून ती त्या घराचं पोट सांगायची.

"गोरोबाच्या घरावर आज दोन धुरं हायत बगा," ती एकदा म्हणाली. "भावाभावाचं वाजलं. आन् ते बी राती वाजलं. न्हायतर येवढ्या सकाळी चुलीला दगडं कुठनं घावली?"

संध्याकाळपर्यंत बातमी पक्की. गोरोबाचा धाकटा भाऊ वेगळा निघाला होता.

घरातली चूल वेगळी होणं ही त्या गावात लहान गोष्ट नव्हती. शेत वाटलं, बैल वाटले तरी लोक म्हणत, व्यवहार आहे. पण एका छपराखालून दोन धूर निघाले की घर फुटलं. मग ते गावाला सांगावं लागत नसे. धूर सांगायचा, आणि धुराच्या आधी नागूबाई.

एवढं सगळ्यांच्या घरातलं बोलणारी ही बाई आपल्या घराचं मात्र अक्षर काढत नसे. कुणी विचारलंच, "आत्या, बब्रुवान कसाय?" तर म्हणायची, "माजा बब्रुवान? सोन्यासारका हाय." आणि लगेच गाडी दुसऱ्याच्या दारात.

बायका घागर उचलता उचलता एकमेकींकडं बघायच्या. घरातलं बाहेरून कसं ओळखायचं, हे त्यांना नागूबाईनंच शिकवलं होतं. तिच्या घराचं त्यांना काय ठाऊक नव्हतं?

नागूबाईचा नवरा लिंबाजी मेंढरं राखायचा. दुष्काळात चारा संपला, मेंढरं मिळेल त्या भावानं गेली, आणि त्यांच्यामागं हाय खाऊन लिंबाजीही गेला. नागूबाईनं सरकारी कामावर खडी फोडली. तिथं मजुरांना मिळणारी सुकडी, भाजक्या पिठाचा खाऊ, पदरात बांधून ती घरी आणायची, पोराला खाऊ घालायची आणि त्याला शाळेत पाठवायची. बब्रुवान शिकला, गावात दुधाची सोसायटी निघाली तेव्हा तिचा चिटणीस झाला. खिशाला पेन, हातात दुधाचं फॅट बघायची नळी. लोक त्याला बब्रुवानराव म्हणायला लागले, आणि त्यालाही ते ऐकायची सवय लागली.

मग सोसायटीकडून जर्सी गाय आली. तिच्यासाठी गोठा नीट बांधला, खाली फरशी टाकली. गाय परकी, नाजूक. रात्री तिच्याजवळ कुणीतरी हवं. म्हणून म्हातारीची वाकळ गोठ्यात गेली. "थोडे दिस," असं बब्रुवान म्हणाला होता. गाय दोनदा व्याली, वाकळ तिथंच राहिली.

त्या गोठ्याची व्यवस्था बघण्यासारखी होती. गाईला सरकी पेंड मापानं, मीठ वेळेवर, शिंकली तरी भूमहून जनावरांचा डॉक्टर. म्हातारीला सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आडभिंतीवरून जर्मनच्या ताटलीत भाकर. बरोबर कालवण असलं तर असलं. सून मथुराबाई कामाच्या रगाड्यात कधी विसरली की विसरली. आणि ती वरचेवर विसरायची. पाव्हणे आले की म्हातारीनं गोठ्यातून हलायचं नाही, कारण लुगड्याला ठिगळं आणि पाव्हण्यांना डोळे. एकदा नागूबाईच्या हातून दुधाची बादली लवंडली, तेव्हा बब्रुवाननं हातातली चरवी फेकून मारली. भुवईवर खोक पडली. पंपावर तिनं सांगितलं, "जर्सीचं शिंग लागलं."

त्या जर्सीची शिंगं लहानपणीच जाळलेली होती. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण बायका म्हणाल्या, "जपा हो आत्या."

एकटी जाईबाई असलं काही म्हणत नसे. जाईबाई बौद्धवाड्यातली, नागूबाईच्याच वयाची. खडीच्या कामावर दोघी शेजारी शेजारी बसून दगड फोडायच्या, तेव्हापासूनची दोस्ती. जाईबाईचा मुलगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. सून इथं होती तोवर म्हातारीला हाडहूड करायची, मग तीही गेली. जाईबाईनं त्याच्या कितीतरी आधीच आपली चूल वेगळी मांडली होती, आणि ते ती सगळ्या गावाला ओरडून सांगायची.

"शिंग म्हनं!" ती नागूबाईच्या भुवईला हळद लावताना म्हणाली. "नागे, सगळ्या गावाची झाकनं उगाडती, आन् आपल्या मडक्यावर दगूड ठिवती व्हय?"

"तुला न्हाय कळायचं. लेकाचं नाव जातंय."

"नाव जातंय तर जाऊ दे की. जीव जातोय तुजा."

त्याच सुमाराला, नव्वदनंतरचं एक कोरडं साल होतं ते, गुरुजींच्या गळ्यात नवं काम पडलं. ईरण्णा गुरुजी उमरग्याकडचे, गावच्या शाळेवर बदलून आलेले. सरकारला काहीही मोजायचं झालं की शाळेचा मास्तर सापडतो. गुरुजींनी आजवर माणसं मोजली होती, जनावरं मोजली होती, विहिरी आणि सायकली मोजल्या होत्या. आता वरून हुकूम आला होता की घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांची माहिती आणा. कुणाला घरात खायला मिळत नाही, कुणाला मारहाण होते, कुणाला वाऱ्यावर सोडलंय, सगळं लिहून द्या. ज्यांना कुणी नाही त्यांना वेगळं रेशनकार्ड आणि वर मदत द्यायचा सरकारचा विचार होता.

पण तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी कोणाला धरायचं आणि कोणाला नाही याची सोपी खूण सांगितली. चूल एक असेल तर कुटुंब एक. लेकाच्या चुलीवरचं खाणारा म्हातारा सांभाळलेला, त्यात पुढं विचारायचं नाही. चूल वेगळी असेल तरच माणूस निराधार. साहेबांना घाई होती, आणि चूल डोळ्यांना दिसते. ताटलीत काय पडतं ते दिसत नाही.

गुरुजी भला माणूस. शाळेला जाता येता त्यांनी गोठ्यातली वाकळ पाहिली होती. एका दुपारी शाळेच्या पायरीवर त्यांनी दोघी म्हाताऱ्यांना बोलावलं आणि सगळं समजावलं.

"जाईबाई, तुमचं काम झालंच म्हणून समजा. आजी, तुमचं अवघड आहे. तुम्ही बब्रुवानरावांच्या चुलीत धरल्या जाता."

"धरल्या जाती म्हंजी?" जाईबाईनं विचारलं. "तिला तित ऊन घास न्हाय भेटत."

"ते मला दिसतंय हो. पण मला लिहायला चूल लागते. आजी, मी बुधवारी तुमच्या आळीत येणार. त्या दिवशी गोठ्यात तुमची स्वतःची चूल असली, त्यात राख असली आणि तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, की ही माझी चूल, तर मी तुम्हाला वेगळं लिहीन. मग कोणाचा बाप आला तरी खोडणार नाही."

नागूबाई उठताना फक्त म्हणाली, "गुर्जी, कार्डावर ज्वारी मिळती का गहू?"

जाईबाईला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात हजर. खडीच्या ढिगातले तीन चांगले दगड तिनं डोक्यावरून आणले होते. नागूबाईनं शेणमाती कालवली, दगड सारखे केले, चूल सारवली. जाईबाईनं पदराखालून पीठ काढलं, एक जुना तवा काढला.

"थापाया येतं का इसरलीस?"

"तुज्या सासूला शिकवीन," नागूबाई म्हणाली. लई दिवसांनी तिच्या तोंडून अशी गंमत निघाली.

तुराट्या पेटल्या. भाकर तव्यावर पडली, उलटली, विस्तवापुढं टेकून टम्म फुगली. नागूबाईनं ती हातावर घेतली. चटका बसला तरी तिनं ती खाली ठेवली नाही. लाल तिखट आणि तेलाचा थेंब. पहिला घास तिनं तोंडात नुसता धरला, चावला नाही. लोक बर्फाचा खडा धरतात तसा, फक्त हा ऊन होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जाईबाई म्हणाली, "धूर झालाय लई." धूर झाला होताच.

आणि तो धूर गोठ्याच्या पत्र्यावरून वर चढला आणि साऱ्या गावानं वाचला.

पंपावर नागूबाई नव्हती, पण तिच्या शिष्या होत्या. "बब्रुवानरावाच्या घरावर दोन धुरं." "म्हातारी येगळी निगाली." "मला वाटलंच, परवा आडभितीवर ताटली न्हवती." संध्याकाळच्या दुधाला सोसायटीत रांग लागली तेव्हा बातमी तिथं आधीच पोचली होती. कुणीतरी फॅट बघता बघता म्हणालं, "चिटनीस, दूध पातळ लागलं म्हनून आईला येगळं काडलं का काय?" सगळे हसले. बब्रुवानही हसला. त्या साली सोसायटीची निवडणूक होती, चेअरमन व्हायचं त्याच्या मनात होतं, आणि आईला न सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती गावाचं दूध द्यायचं का, एवढं कुणी बोलायची खोटी होती.

घरी मथुराबाईनं तोंड सोडलं होतं. "आत्याबाई, उपाशी मारलं का तुमाला आमी? घास मोजला का तुमचा? म्हशीला दावनीला बांधत्यात तशी माजी इज्जत बांधली तुमी चौकात!" नागूबाई गोवऱ्या रचत राहिली. अंगावर चरवी येईल म्हणून तिनं पाठ भिंतीला लावून ठेवली होती. मारलं असतं तर तिनं ते सोसलं असतं. उलट बुधवारी गुरुजींपुढं जीभ सुटायला सोपं गेलं असतं.

बब्रुवाननं मारलं नाही.

मंगळवारी दिवेलागणीला तो गोठ्यात आला. गाईकडं गेला नाही. चुलीपुढं उकिडवा बसला. एवढ्या वर्षांत तो आईला "म्हातारे" म्हणायचा, तेही हाक मारायचीच वेळ आली तर. आता म्हणाला, "आये."

नागूबाईच्या हातातली काडी थांबली.

"आये, भूक लागली गं. मथुरानं आज काय केलं न्हाय, रुसलीया. एक भाकर करती का?"

पीठ उरलं होतं ते उद्या सकाळसाठी. गुरुजी येतील तेव्हा तवा तापलेला असावा, असं जाईबाईनं बजावलं होतं. नागूबाईनं एकदा पिठाकडं बघितलं आणि एकदा लेकाकडं. कानशिलावर केस पिकलेला माणूस, पण उकिडवा बसला की लिंबाजीसारखाच दिसायचा. तिनं काटवट पुढं ओढली.

तो खाली मान घालून खात होता. ऊन भाकर फुंकून फुंकून, लहानपणी सुकडी खायचा तशाच घाईनं. दुसरी मागितली. तिसरी तिनं न मागता टाकली. पीठ संपलं.

"तुज्या हातची चव मथुराला न्हाय," तो म्हणाला. मग पाणी प्याला, हात पुसले आणि जाता जाता, गाईच्या पाठीवर थाप मारत, हलक्या आवाजात बोलला, "आये, उद्या समदी आळी जमंल. माजं नाव आता तुज्या तोंडात हाय. येवढं संबाळ. मग तुला घरात घेतो. मदल्या खोलीत बाज टाकतो."

ती रात्रभर मधल्या खोलीतली बाज बघत पडली.

बुधवारी गुरुजी आले ते एकटे नाही आले; एकटं येऊ कोण देतो? सरकारी माणूस घरी येतो म्हणजे घरधन्यानं त्याला सामोरं जायचं, बाजेवर बसवायचं, चहा पाजायचा. बब्रुवाननं गोठ्यापुढं बाज टाकली, वर सतरंजी घातली. मथुराबाईनं पेटीतलं लुगडं सासूला नेसवलं, घडीच्या रेघा तशाच. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या, पुरुष भिंतीला टेकून. जाईबाई कुडाच्या पलीकडं थांबली होती. म्हाताऱ्या माणसाला घरात मारतात का, हे विचारायचं आणि विचारताना लेकाच्याच हातचा चहा प्यायचा! पण गुरुजींनीही चहा घेतला. नको म्हणणं त्यांनाही जमलं नाही.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. भाषा सरकारी. "कुटुंबीयांकडून आपली उपेक्षा होते काय? आपणास शारीरिक इजा पोहोचवली जाते काय?"

"काय म्हनत्यात?" एका म्हातारीनं विचारलं.

"लेक मारतो का, आसं इचारत्यात," दुसरीनं सांगितलं, आणि कुणीतरी फिसकन हसलं.

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी वाचणं सोडलं. सरळ गोठ्यात बघत म्हणाले, "आजी, ही चूल कुणाची?"

सगळ्या आळीनं माना वळवल्या. तीन दगड, ताजं सारवण, आत राख. बब्रुवान कपबशी हातात धरून उभा होता. त्यानं आईकडं पाहिलंसुद्धा नाही; पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

नागूबाईनं ओठ ओले केले.

"ती व्हय? ती आंगुळीच्या पान्याची," ती म्हणाली. "पानी तापवाया मांडलीया."

"नागे!" कुडापलीकडून जाईबाई ओरडली.

गुरुजींनी हात वर केला. "आजी, नीट विचार करून सांगा. तुम्ही स्वयंपाक वेगळा करता का? एकदा लिहिलं की मला बदलता येणार नाही."

आणि मग नागूबाईला जी वाचा फुटली! आयुष्यभर दुसऱ्यांची घरं उघडी करणारी ती जीभ त्या दिवशी आपलं घर झाकायला लागली, आणि झाकताना तिनं काही कमी ठेवलं नाही. "येगळा? आवो, मला उठू देत न्हायती ही दोगं! सकाळी दूद, दुपारी ऊन भाकर, राती लेक पाय दाबतो. गोट्यात म्या हौसंनं निजती, गाईचा लळा हाय मला. सून तर लेकीवानी. गुर्जी, असा लेक तुमच्या उमरग्यात दावा!"

बाया ऐकत होत्या. खोटं कुठं बेतशीर असतं आणि कुठं जास्त होतं, हे त्या याच बाईकडून शिकल्या होत्या. एकीनं हळूच डोळे पुसले, तर दुसरी घरी भाजी लागली असेल म्हणून लगबगीनं निघाली.

गुरुजींनी लिहिलं. चूल एक. मुलाकडं सुखात. पुढचे प्रश्न विचारायचं कारण उरलं नाही.

गावात वाऱ्यावर सोडलेलं म्हातारं माणूस म्हणून एकटी जाईबाई नोंदली गेली. चावडीवर पुरुष म्हणाले, "ते तिकडल्या वस्तीतलं. आपल्यात आसलं न्हाय." तिचं रेशनकार्ड निघालं. पहिली ज्वारी आली तेव्हा ती पदरात घेऊन नागूबाईकडं आली, आणि नागूबाईनं तिला गोठ्याच्या दारातूनच परत पाठवलं. "बब्रुवान बगंल. आता सगळ्यांम्होरं सांगून बसलीया म्या." जाईबाई पदराची गाठ आवळत म्हणाली, "आगं, माज्याकडं राहायला चल," आणि उत्तर काय येणार ते माहीत असल्यानं ऐकायला थांबली नाही.

बब्रुवान चेअरमन झाला. मधल्या खोलीत बाज आली, तिच्यावर सोसायटीच्या माणसांची बसाउठ सुरू झाली. आईनं एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हातारे, कळत न्हाय का, मान्सं येत्यात." गुरुजींची बदली झाली. जाण्याआधी ते आडवाटेनं गोठ्याशी आले होते. पण मथुराबाई धार काढत होती, म्हणून गाईची चौकशी करून गेले.

नागूबाई पंपावर जात राहिली, काही दिवस. एका सकाळी ती सवयीनं म्हणाली, "पाटलाच्या धाकटीचा धूर आज उशिरा निगाला..." तेवढ्यात नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका पोरीनं, घागर भरता भरता, तोंड न वळवता विचारलं, "आत्या, तुमचं पानी तापलं का?" रांगभर हसू फुटलं. वाईट असं कुणाच्या मनात नव्हतं. हसायची सवय तिनंच लावली होती. हळूहळू ती कट्ट्यावर यायचीच बंद झाली.

तसंही सकाळी तिला सवड नव्हती. गुरुजी येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मथुराबाईनं मोठा हंडा आणून त्या चुलीवर ठेवला होता. "तुमीच म्हनला न्हवं का आत्याबाई, गुर्जीम्होरं? मग तापवा." घरातल्या सगळ्यांची अंघोळ, आणि आल्यागेल्या पाव्हण्यांचीही. पहाटेपासून म्हातारी धुरात बसायची, हंडा उतरला की पुन्हा भरायचा. गावात आता त्या दुसऱ्या धुराकडं कुणी बघत नसे. तो पाण्याचा धूर होता.

एकदा, पुढच्या हिवाळ्यात, ताटली यायची राहिली ती दोन वेळा राहिली. नागूबाईनं गाईच्या घमेल्यातलं भरड्याचं पीठ मूठभर घेतलं, पाण्यात भिजवलं आणि पानगा करून हंड्याखालच्या राखेत सारला. वास सुटला तशी मथुराबाई आडभिंतीवरून डोकावली.

"आत्याबाई, पान्याची चूल हाय ती. कुनी बगितलं तर काय म्हनंल?"

नागूबाईनं पानगा काडीनं बाहेर ओढला. वरून करपलेला, आत कच्चा. कुठं ठेवावा हे तिला कळेना. जर्सीनं मान पुढं केली, तशी तिनं तो तिच्यापुढं टाकला आणि हंड्याखाली एक गोवरी सरकवली. चेअरमनसाहेबांना आज भूमला लवकर जायचं होतं.